नकारानंतरचा न्याय : सरकारी लाभांसाठीच्या अपील व्यवस्थेत सुधारणा का हवी?

सरकारी योजनेसाठी अर्ज करणे हा नागरिकाचा एक अनुभव, तर तो अर्ज नाकारला गेल्यानंतर दाद मागणे हा अगदी वेगळा अनुभव. शिधापत्रिका, निराधारांचे अनुदान, दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा यांपैकी कोणत्याही प्रकरणात नकार आला, की पुढे कोणाकडे जायचे, किती दिवसांत जायचे आणि तेथे कोण ऐकून घेणार, या प्रश्नांची उत्तरे बहुसंख्य अर्जदारांना ठाऊक नसतात. योजनांच्या घोषणा आणि निधीची तरतूद यांवर भरपूर चर्चा होते. चुकीच्या नकाराचे निवारण कसे व्हावे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. वास्तविक कल्याणकारी योजना खऱ्या गरजूंपर्यंत पोहोचते की नाही, याची एक महत्त्वाची कसोटी तिच्या अपील व्यवस्थेत दडलेली आहे.

तक्रार आणि अपील यांतील फरक

'तक्रार' आणि 'अपील' हे शब्द बोलण्यात एकाच अर्थाने वापरले जातात. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्यांत मोठा फरक आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी होणारा लोकशाही दिन, केंद्र सरकारचे तक्रार निवारण पोर्टल किंवा मंत्र्यांचा जनता दरबार ही तक्रारीची ठिकाणे होत. तेथे अधिकारी तक्रार ऐकतो, संबंधित खात्याकडे पाठवितो आणि उत्तर मागवितो. मूळ निर्णय रद्द करण्याचा अधिकार त्याला असेलच असे नाही. केंद्रीय पोर्टलवरील तक्रारींच्या निवारणाची मुदत ऑगस्ट २०२४ मध्ये २१ दिवसांवर आणण्यात आली. तथापि, तक्रार निकाली निघणे म्हणजे लाभ मिळणे नव्हे. अर्ज संबंधित खात्याकडे पाठविल्याची नोंद होऊनही प्रकरण कागदोपत्री निकाली निघू शकते.

अपील हा त्याहून वरचा अधिकार आहे. त्यात कायद्याने नेमलेला अधिकारी मूळ निर्णय तपासतो, दोन्ही बाजू ऐकतो आणि लेखी आदेश देतो. तो आदेश खालच्या अधिकाऱ्यावर बंधनकारक असतो. नैसर्गिक न्यायाची दोन तत्त्वे या कल्पनेच्या मुळाशी आहेत : बाजू ऐकल्याशिवाय कोणाच्याही विरुद्ध निर्णय देऊ नये आणि स्वतःच्याच प्रकरणात कोणी न्यायाधीश होऊ नये. निर्णयाची कारणे नोंदविण्याचे बंधन हे त्याला जोडून येते. प्रशासकीय अधिकारी न्यायिक स्वरूपाचे काम करीत असेल, तर कायद्याने सूट दिलेली नसल्यास त्याने निर्णयाची कारणे नोंदविली पाहिजेत, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९० मध्ये एस. एन. मुखर्जी प्रकरणात स्पष्ट केले होते.

महाराष्ट्रातील चौकट

महाराष्ट्रात दप्तरदिरंगाईविरुद्धचा कायदा २००५ चा असून, तो १ जुलै २००६ पासून लागू झाला. सरकारी कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि शासकीय कामातील विलंबास प्रतिबंध, असे दोन्ही विषय त्यात एकत्र आहेत. नागरिकांची सनद प्रसिद्ध करण्याचे बंधन त्याने विभागांवर घातले. मात्र सेवा न मिळाल्यास नागरिकाने पायरीपायरीने दाद कशी मागायची, याची सुस्पष्ट रचना त्यात नव्हती.

ही उणीव महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ने भरून काढली. त्यानुसार प्रत्येक विभागाने आपल्या सेवा, त्यांची कालमर्यादा, पदनिर्देशित अधिकारी आणि दोन अपील अधिकारी अधिसूचित करावयाचे असतात. अर्जाची पोच देणे बंधनकारक आहे. अर्ज फेटाळायचा झाल्यास कारणे लेखी नोंदवावी लागतात. एवढेच नव्हे, तर अपील किती मुदतीत आणि कोणत्या अधिकाऱ्याकडे करायचे, हेही अर्जदाराला कळविणे पदनिर्देशित अधिकाऱ्याचे कर्तव्य आहे.

अपिलाच्या तीन पायऱ्या आहेत. नकार मिळाल्यापासून किंवा सेवेची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत प्रथम अपील करता येते. अपवादात्मक परिस्थितीत हा कालावधी ९० दिवसांपर्यंत वाढविता येतो. प्रथम अपील अधिकाऱ्याने ३० दिवसांत निर्णय देणे अपेक्षित आहे. त्याविरुद्ध ३० दिवसांत द्वितीय अपील करता येते आणि त्यावर ४५ दिवसांत निर्णय व्हावा लागतो. तेथेही समाधान न झाल्यास ६० दिवसांच्या आत राज्य सेवा हक्क आयोगाकडे तिसरे अपील करता येते. आयोगासाठी ९० दिवसांची मर्यादा आहे. पुरेशा कारणाविना सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५ हजार रुपयांपर्यंत शास्ती होऊ शकते.

कागदावर ही रचना देशातील चांगल्या कायद्यांमध्ये गणली जावी अशी आहे. तिच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. हा कायदा केवळ अधिसूचित सेवांना लागू होतो आणि सेवेचा हक्क 'कायदेशीर, तांत्रिक व आर्थिक व्यवहार्यते'च्या अधीन ठेवलेला आहे. उत्पन्नाचा दाखला वेळेत न मिळाल्यास या कायद्याखाली दाद मागता येते. परंतु त्या दाखल्याच्या आधारे मागितलेले अनुदान नाकारले गेले, तर त्या योजनेचा शासन निर्णय काय सांगतो हे शोधावे लागते. प्रत्येक योजनेची वाट वेगळी असल्याने अर्जदाराला पहिला अडथळा येथेच लागतो.

प्रत्येक कायद्याची निराळी वाट

राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा, २०१३ मध्ये धान्यासंबंधीच्या तक्रारींसाठी जिल्हा तक्रार निवारण अधिकारी आणि त्याच्या आदेशाविरुद्ध राज्य अन्न आयोग, अशी दोन स्तरांची व्यवस्था आहे. जिल्हा अधिकाऱ्याने सुचविलेला दिलासा न देणाऱ्या लोकसेवकास आयोग ५ हजार रुपयांपर्यंत दंड करू शकतो. अनेक राज्यांत हे पद स्वतंत्रपणे न भरता प्रशासनातील अधिकाऱ्याकडेच अतिरिक्त कार्यभार म्हणून सोपविले गेल्याने या तरतुदीची धार कमी झाली.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ५९ नुसार दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्राबाबतच्या निर्णयाविरुद्ध अपील करता येते. टक्केवारीतील थोड्याशा फरकानेही अनेक सवलती मिळणे वा हुकणे ठरत असल्याने या तरतुदीचे मोल मोठे आहे.

जातीच्या दाखल्याबाबत महाराष्ट्राच्या २००० च्या कायद्यात विलक्षण विषमता आढळते. सक्षम अधिकाऱ्याने दाखला नाकारला, तर ३० दिवसांत अपील करता येते. मात्र पडताळणी समितीने दावा अवैध ठरविला, तर तो निर्णय अंतिम असतो आणि त्याला केवळ उच्च न्यायालयातच आव्हान देता येते. म्हणजे परिणाम जेथे अधिक गंभीर, तेथे अपिलाची स्वस्त आणि जवळची पायरीच नाही. प्रवेशाच्या दिवसांत विद्यार्थ्यांना उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

वनहक्काच्या दाव्यांचा अनुभव त्याहून बोलका आहे. २००६ च्या कायद्यानुसार ग्रामसभेच्या ठरावाविरुद्ध उपविभागीय समितीकडे आणि तेथून जिल्हा समितीकडे जाता येते. जिल्हा समितीचा निर्णय अंतिम मानला जातो. दावे फेटाळले गेलेल्यांना वनजमिनीवरून हटविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी २०१९ रोजी दिला आणि त्याच महिन्याच्या २८ तारखेला त्यास स्थगिती दिली. दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली गेली होती काय, हा प्रश्न तेव्हा राज्यांपुढे उभा राहिला. त्यानंतर मे २०२० मध्ये महाराष्ट्राच्या राज्यपालांनी राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रांसाठी अधिसूचना काढली आणि जिल्हा समितीच्या निर्णयाविरुद्ध विभागीय समितीकडे अपिलाची सोय केली. केंद्रीय कायद्यात नसलेली अपिलाची पायरी राज्यात निर्माण होऊ शकते, याचे हे ठळक उदाहरण होय.

यादीतून नाव गळते तेव्हा

अपिलाचे जुने नियम एका गृहीतकावर उभे आहेत : अर्जदार अर्ज करतो, अधिकारी त्यावर निर्णय घेतो आणि निर्णयाचा कागद हाती येतो. गेल्या काही वर्षांत लाभ बंद होण्याची रीतच बदलली आहे. आज अनेकदा संगणकीय माहितीच्या जुळवणीतून नावे वगळली जातात. लाभार्थ्याला नोटीस मिळत नाही. बँकेत पैसे जमा झाले नाहीत किंवा रास्त भाव दुकानात अंगठा जुळला नाही, की मगच त्याला ते कळते. लेखी आदेशच नसल्यावर अपील कशाविरुद्ध करणार आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजणार?

झारखंडमधील सिमडेगा जिल्ह्यात सप्टेंबर २०१७ मध्ये ११ वर्षांच्या मुलीचा मृत्यू झाला. शिधापत्रिका आधारशी न जोडल्याने धान्य बंद झाले होते आणि मूल उपासमारीने गेले, असे कुटुंबाचे म्हणणे होते. प्रशासनाने भूकबळीचा आरोप नाकारला. आधार जोडणीअभावी कोणाचेही नाव यादीतून वगळू नये, असे केंद्रीय अन्न विभागाने २४ ऑक्टोबर २०१७ च्या पत्राने राज्यांना कळविले. देशभरात सुमारे तीन कोटी शिधापत्रिका रद्द झाल्याचा दावा करणारी याचिका मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने हा विषय गंभीर मानून केंद्राकडून उत्तर मागविले.

तेलंगणात २०१४ ते २०१९ या काळात १८ लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या. विविध खात्यांतील नोंदी एकत्र करून कुटुंबाची सांपत्तिक स्थिती ठरविणाऱ्या संगणकीय प्रणालीचा त्यासाठी आधार घेण्यात आला होता. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या रद्द शिधापत्रिकांची प्रत्यक्ष पडताळणी करण्याचा आदेश दिला. त्या पडताळणीत हजारो कुटुंबे पात्र असूनही वगळली गेल्याचे उघड झाले.

महाराष्ट्रात 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेच्या पडताळणीत सुमारे २६.३४ लाख लाभार्थ्यांचा लाभ जून २०२५ पासून तात्पुरता स्थगित करण्यात आला. पडताळणीत पात्र ठरणाऱ्यांचा लाभ पुन्हा सुरू केला जाईल, असे सरकारने जाहीर केले. अपात्रांना वगळणे हे शासनाचे कर्तव्यच आहे, याबद्दल दुमत नाही. परंतु एवढ्या मोठ्या संख्येत थोडी टक्केवारी जरी चुकीची निघाली, तरी हजारो घरांचा प्रश्न निर्माण होतो. अशा वेळी आधी लाभ थांबवायचा की आधी म्हणणे ऐकायचे, हा क्रम निर्णायक ठरतो.

दुखणे नेमके कोठे?

सध्याच्या व्यवस्थेतील पहिला दोष कारणांचा. 'अपात्र', 'कागदपत्रे अपूर्ण', 'निकषात बसत नाही' एवढेच शेरे मिळाले, तर अर्जदाराला अपिलात काय मांडायचे हेच कळत नाही. दुसरा दोष स्वायत्ततेचा. पहिले दोन्ही अपील अधिकारी सामान्यतः त्याच खात्यातील वरिष्ठ असतात. कनिष्ठाने घेतलेला निर्णय बहुधा वरिष्ठांच्याच तोंडी सूचनांनुसार किंवा उद्दिष्टांनुसार झालेला असेल, तर त्यांच्याकडून निःपक्ष तपासणीची अपेक्षा कितपत ठेवावी?

तिसरा दोष कालावधीचा. लोकसेवा हक्क कायद्यातील तीन पायऱ्यांवरील निर्णयाच्या मुदतींची बेरीज १६५ दिवस, म्हणजे साधारण साडेपाच महिने होते. अर्जदाराने प्रत्येक अपील एकही दिवस न दवडता केले, असे गृहीत धरूनचा हा हिशेब आहे. महिन्याच्या अनुदानावर चूल पेटणाऱ्या विधवेला किंवा वृद्धाला साडेपाच महिने थांबणे परवडणारे नसते. चौथा दोष सिद्धतेच्या भाराचा. आपण पात्र आहोत हे अर्जदारानेच पुनःपुन्हा सिद्ध करावयाचे असते. नकार योग्य होता हे सिद्ध करण्याची जबाबदारी खात्यावर क्वचितच येते.

या बाबतीत माहितीचा अधिकार कायदा, २००५ मार्गदर्शक ठरावा. माहिती नाकारणे समर्थनीय होते, हे अपिलात सिद्ध करण्याची जबाबदारी या कायद्याने माहिती अधिकाऱ्यावरच टाकली आहे. विलंबासाठी दिवसाला २५० रुपये आणि जास्तीत जास्त २५ हजार रुपये दंडाची तरतूदही त्यात आहे. त्याच कायद्याने एक धोक्याची सूचनाही दिली आहे. आयोगाकडील द्वितीय अपिलावर निर्णयाची मुदत त्यात घातलेली नाही. परिणामी महाराष्ट्र राज्य माहिती आयोगाकडे २०२३ मध्ये प्रलंबित अपिले व तक्रारींची संख्या एक लाखाच्या पुढे गेली होती. मुदत नसलेले अपील म्हणजे लांबविलेला नकारच.

अन्य राज्यांचे प्रयोग

लोकसेवांच्या हमीचा कायदा प्रथम मध्य प्रदेशाने २०१० मध्ये केला. तेथे अधिकाऱ्याकडून वसूल केलेला दंड अर्जदाराला भरपाई म्हणून देता येतो. बिहारने २०१५ मध्ये लोक शिकायत निवारण अधिकार कायदा केला आणि तो जून २०१६ पासून अमलात आला. उपविभाग आणि जिल्हा स्तरावर केवळ याच कामासाठी अधिकारी नेमून तक्रारदार व संबंधित खात्याचा प्रतिनिधी यांना समोरासमोर बसवून सुनावणी घेणे, ही त्यातील महत्त्वाची बाब. निवारणासाठी ६० कार्यदिवसांची मुदत आहे.

हरियाणाने सप्टेंबर २०२१ मध्ये स्वयंचलित अपील प्रणाली सुरू केली. सेवेची मुदत उलटली, की अर्जदाराने काहीही न करता प्रकरण आपोआप प्रथम अपील अधिकाऱ्याकडे, तेथून द्वितीय अपील अधिकाऱ्याकडे आणि अखेर आयोगाकडे जाते. अपील कसे करावे हे ठाऊक नसलेल्यांसाठी ही मोठीच सोय ठरली. तथापि, त्याच हरियाणात सप्टेंबर २०२२ मध्ये रोहतक येथे १०२ वर्षांच्या एका वृद्धाला सरकारी नोंदीत मृत दाखविल्याने बंद झालेले निवृत्तिवेतन मिळविण्यासाठी नवरदेवाप्रमाणे वरात काढून आपण जिवंत असल्याचे दाखवावे लागले. विलंबावर तोडगा निघाला, तरी चुकीने नाव वगळण्यावर तो निघतोच असे नाही, हा त्यातील धडा.

परदेशांतील धडे

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० मध्ये गोल्डबर्ग विरुद्ध केली या खटल्यात कल्याणकारी मदत बंद करण्यापूर्वी लाभार्थ्याला सुनावणी दिली पाहिजे, असा निर्णय दिला. मदतीवर जगणाऱ्या माणसाला नंतर मिळणारा न्याय उपयोगाचा नसतो, हे त्यामागील सूत्र होते.

ब्रिटनमध्ये २०१३ पासून न्यायाधिकरणाकडे जाण्याआधी खात्याकडूनच फेरविचार करून घेणे अर्जदारांना सक्तीचे झाले. ही जादा पायरी अनेकांना मध्येच थकवून सोडते, अशी टीका झाली. दिव्यांगांच्या भत्त्याची जी प्रकरणे स्वतंत्र न्यायाधिकरणाच्या सुनावणीपर्यंत पोहोचली, त्यांतील निम्म्याहून अधिक अर्जदारांच्या बाजूने निकाली निघत आली आहेत. पहिला निर्णय किती सदोष असू शकतो, हे त्यावरून दिसते.

ऑस्ट्रेलियात 'रोबोडेट' या नावाने गाजलेल्या योजनेत लाभार्थ्यांच्या वार्षिक उत्पन्नाची पंधरवड्यांमध्ये सरासरी काढून कथित जादा लाभाची वसुली झाली. न्यायाधिकरणाच्या सदस्यांनी वैयक्तिक प्रकरणांत ही पद्धत बेकायदा ठरविली. पण खात्याने त्या निर्णयांविरुद्ध ना अपील केले, ना कार्यपद्धती बदलली. रॉयल आयोगाने जुलै २०२३ मधील अहवालात या योजनेवर कठोर ताशेरे ओढले. एका अपिलातील निर्णयाचा लाभ त्याच चुकीने भरडल्या गेलेल्या इतरांनाही मिळाला पाहिजे, हे या प्रकरणाने शिकविले.

सुधारणांची दिशा

या सर्व अनुभवांतून सुधारणांचा एक आराखडा तयार होतो. चालू लाभ बंद करण्यापूर्वी मराठीत लेखी नोटीस, नेमके कारण आणि उत्तरासाठी पुरेसा अवधी दिला जावा. अपील मुदतीत दाखल झाल्यास निर्णयापर्यंत लाभ सुरू राहावा. नकार योग्य असल्याचे दाखविण्याची जबाबदारी खात्यावर असावी. किमान दुसरे अपील खात्याबाहेरील अधिकाऱ्यापुढे चालावे आणि सुनावणी तालुक्याच्या ठिकाणी व्हावी. मुदत उलटताच अपील आपोआप वर जावे. तसेच संगणकीय पडताळणीतून नाव वगळणे हाही 'नकार'च मानला जावा. वारंवार बदलल्या गेलेल्या निर्णयांची कारणे प्रसिद्ध करून मूळ कार्यपद्धतीत दुरुस्ती केली जावी.

या सुधारणांना खर्च येईल, अपिलांची संख्या वाढेल आणि अपात्र लोकही संधी साधतील, असे आक्षेप घेतले जातात. ते निराधार नाहीत. निर्णयापर्यंत दिला गेलेला लाभ अपात्र व्यक्तीकडून परत मिळविणे अवघड असते. परंतु चुकीच्या नकाराचाही खर्च असतोच. फरक एवढाच, की तो सरकारी हिशेबात दिसत नाही. तो सावकाराच्या वहीत, शाळा सोडलेल्या मुलाच्या हजेरीपटावर आणि अर्धवट राहिलेल्या औषधोपचारांत दिसतो. शिवाय पहिलाच निर्णय कारणांसह आणि काळजीपूर्वक दिला गेला, तर अपिलांची संख्या आपोआप घटते.

अर्जदारांनी लक्षात ठेवावयाच्या बाबी

* अर्जाची पोच घ्यावी. त्यावर दिनांक, अर्ज क्रमांक आणि सेवेची मुदत आहे का, हे पाहावे.
* नकार तोंडी स्वीकारू नये. कारणांसह लेखी आदेश मागावा.
* लोकसेवा हक्क कायद्याखालील प्रथम अपिलाची ३० दिवसांची मुदत नकार मिळाल्याच्या किंवा सेवेची मुदत संपल्याच्या दिवसापासून मोजावी.
* कोणत्याही कारणाविना लाभ बंद झाल्यास माहिती अधिकाराखाली निर्णयाची प्रत आणि टिप्पणी मागविता येते.
* अपिलात मूळ अर्ज, पोच, आदेश आणि पात्रतेचे पुरावे क्रमाने जोडावेत व प्रत्येकाची एक प्रत स्वतःकडे ठेवावी.

कायदे आहेत, आयोग आहेत आणि पोर्टलेही आहेत. उणीव आहे ती या सर्वांना एका सोप्या वाटेत गुंफण्याची. नकाराचा कागद हाती पडलेल्या माणसाला पुढचे दार कोणते, हे त्याच कागदावर वाचता आले, तर सुधारणेची सुरुवात झाली असे म्हणता येईल.